डेबिट कार्ड चोरीस गेल्यास

गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लाँचच्या गर्दीत डेबिट कार्ड चोरीस गेल्यास, 5,000 रुपयांपर्यंतची खरेदी पिनविना केवळ कार्ड टेकवूनही होऊ शकत असल्यामुळे, तत्काळ बँकेस वर्दी देऊन कार्ड बंद करवावे, तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि अपहार झाला असल्यास 1930 या क्रमांकावर व पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवावी.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकान्वये वर्दीनंतरचे नुकसान बँकेने सोसावयाचे असून, ग्राहकाचे दायित्व शाबीत करण्याचा भारही तिच्यावरच आहे. विवादित रक्कम 10 कामकाजी दिवसांत खात्यात तात्पुरती जमा करून 90 दिवसांत तक्रारीचा निकाल लावणे तिला बंधनकारक आहे. मात्र पिन इतरांस सांगण्यासारखी हयगय घडली असल्यास वर्दीपूर्वीचे नुकसान ग्राहकाच्याच माथी येते.