सोपाऱ्याची खतावणी

आयंबिल ओळीच्या नऊ दिवसांत अनेक घरांतून आणि उपाश्रयांतून श्रीपाल राजाचा रास वाचला जातो. उपाध्याय विनयविजयजींनी संवत १७३८ मध्ये रांदेर येथे आरंभलेला आणि त्यांच्या निधनानंतर उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला हा गुजराती ग्रंथ. त्यात श्रीपाल सोपारक नगरात येतो आणि सर्पदंशाने निश्चेष्ट पडलेल्या तिलकसुंदरीला नवपदाच्या प्रभावाने उठवतो. हे नगर विरार लोकलने गाठता येते, हे मात्र ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते. नालासोपारा स्थानकावर रोज उतरणाऱ्यांच्याही येत नाही.

याला कारण केवळ अनास्था नव्हे. एकाच गावाची नावे अनेक, आणि ती अनेक भाषांच्या दप्तरांत विखुरलेली. संस्कृतात ते शूर्पारक, पालीत सुप्पारक. ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये सुप्पारा, अरबी प्रवाशांच्या लेखनात सुबारा. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ रचला, त्यातील तीर्थांच्या गणनेतही सोपारक आहे आणि तेथील ऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेख आहे. शेजारच्या वसईची गत याहून बिकट. पोर्तुगीज तिला बसाईं म्हणत, इंग्रज बसीन. त्याच इंग्रजांनी ब्रह्मदेशातील पाथेन शहरालाही बसीन हेच नाव वापरले. परिणामी संगणकावर ‘बसीन’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यासमोर १८०२ च्या पेशव्यांच्या तहाबरोबर इरावतीच्या मुखावरील भातगिरण्याही येऊन उभ्या राहतात.

व्यापारी घराण्यांना ही अडचण समजावून सांगावी लागू नये. दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत लिहिले जातात, पण कोणाकडून किती येणे आहे हे खतावणी केल्याविना कळत नाही. ‘शांतिलाल’, ‘शा. एस. के.’ आणि ‘शांतिभाई वसईवाले’ ही एकच असामी आहे, हे मुनीमजींना ठाऊक असते म्हणून खाते जुळते. ग्रंथालयाचेही तसेच. पोथ्यांची, जुन्या पुस्तकांची पाने यंत्राने टिपून महाजालावर ठेवणे ही रोजकीर्द झाली. कोणत्या पानावर कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत, कोणाबद्दल काय लिहिले आहे, आणि शूर्पारक म्हणजेच सोपारा, ही नोंद म्हणजे खतावणी. जगभरच्या मोठ्या ग्रंथालयांनी आता लेखकांच्या आणि स्थळांच्या नावांची निरनिराळ्या लिपींतील रूपे एका खात्यात आणणाऱ्या सामाईक याद्या केल्या आहेत. त्या याद्यांत काय भरायचे, हे मात्र यंत्र सांगत नाही.

ते सांगणारी माणसे कशी असतात, याचा दाखला सोपाऱ्यातच आहे. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिलमध्ये येथील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले. आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक, त्यात आठ कांस्यमूर्ती आणि तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक. हे धन सरकारने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना येथे मिळाला. पुढे १९५६ मध्ये नववा तुकडा सापडला तो वसईजवळच्या भुईगावात, आणि तो हुडकणारे ना. अ. गोरे हे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. ब्राह्मी अक्षर ओळखणारा ग्रंथपाल गावात आला नसता, तर तो दगड दगडच राहिला असता.

पाटण, जेसलमेर येथील ज्ञानभांडारे जगापुढे आली ती मुनिश्री पुण्यविजयजी आणि मुनिश्री जंबूविजयजी यांच्यासारख्यांच्या सूचीकार्यामुळे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील जैन हस्तलिखितांची तीन खंडांची सूची २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रेंच विदुषी नलिनी बलबीर, कनुभाई व कल्पनाबेन शेठ आणि चंद्रभाल त्रिपाठी यांनी ती सिद्ध केली. आज विलायतेतील तरुणाला आपल्या पूर्वजांच्या ग्रंथाचा पत्ता लागतो, तो त्यांच्या खतावणीमुळे.

आणि वसई-विरारमध्ये? येथे वाडवळी आहे, सामवेदी ख्रिस्ती व ब्राह्मणांची कादोडी आहे, आगरी-कोळ्यांची बोली आहे. रेल्वेबरोबर आलेली गुजराती, मारवाडी, हिंदी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भूमीतले. बायबल त्यांनी सुबोध मराठीत आणले. बहुसांस्कृतिक ग्रंथालय म्हणजे काय, यावर ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाने तयार केलेला जाहीरनामा युनेस्कोने २००९ मध्ये मान्य केला. प्रत्येक वाचकाला त्याच्या भाषेत व लिपीत ग्रंथ मिळावा, असा त्याचा आशय आहे. त्या मोजपट्टीने पाहिले तर या शहराइतकी गरज क्वचितच एखाद्या गावाला असेल. गुजराती विभाग काढावा तर वाचणारे वृद्ध. बोलीभाषेतले पुस्तक नोंदवावे तर ते बहुधा मराठीच्या खाती जमा होऊन दिसेनासे होते.

खरी चिंता घराघरांतील माळ्यांची आहे. आजोबांची गुजराती पुस्तके, बाळबोध लिपीतील स्तवनांच्या वह्या, एखादी पोथी, शंभर वर्षांपूर्वीच्या चोपड्या. घर बदलताना हे सारे वजनावर रद्दीत जाते. नातवंडे इंग्रजी माध्यमातली, त्यांना अक्षर लागत नाही. छापील गुजराती वा देवनागरी पान भ्रमणध्वनी बऱ्यापैकी वाचतो. परंतु अक्षराच्या मागे मात्रा देणारी पडिमात्रेची जुनी लेखनपद्धती आली की तो अडखळतो. ती वाचू शकणारे आज बहुतेक सत्तरीपलीकडचे आहेत. चित्र पुढच्या वर्षीही काढता येईल, वाचणारा मात्र पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

ज्ञानपंचमीला ग्रंथ काढून पुसले जातात, वासक्षेप होतो, पुन्हा बासनात जातात. त्याच बैठकीत एक साधी वही घालता येते: ग्रंथाचे नाव, भाषा, लिपी, संवत, लिहिणारा, कोणाच्या घरचा, त्यात आलेली गावांची नावे. आजीने सांगावे, नातवाने संगणकावर उतरवावे. प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य वाचनालये येथेही आहेत. आणि गावाच्या रकान्यात ‘सोपारक’ लिहिले असेल, तर पुढे कंसात नालासोपारा लिहायला विसरू नये.