खडा आहे कुठे, हे आधी पाहा

जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया १९९० मध्ये भारतात आणली. पोटावरच्या लांब चिरेऐवजी तीन-चार लहान छिद्रे पुरू लागली, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ लागला. त्यामुळे ‘दुर्बिणीनेच करतात ना, मग उरकून टाकू’ असे आता घरोघरी सहज ठरते. पण उपचार छिद्राच्या आकारावरून ठरवायचा नसतो. पित्ताचा खडा कुठे आहे आणि तो त्रास देतो आहे का, यावरून उपचार ठरायला हवा.

पित्ताशयातले खडे बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसले, तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. उद्या दुखण्यापेक्षा आजच काढलेले बरे, असे कोणी म्हणेल. पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही क्वचित पित्तनलिकेला इजा होते आणि ती निस्तरणे फार कठीण असते. त्रास नसताना हा धोका का पत्करावा? जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, खांद्यात जाऊ लागली, तर मात्र पित्ताशय काढणेच योग्य. नुसते खडे काढले तर ते पुन्हा होतात, आणि मूतखड्यासारखे पाणी पिऊन ते पडून जात नाहीत.

खडा पित्तनलिकेत उतरला की सारे बदलते. पित्त तुंबून कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो, स्वादुपिंडाला सूज येते. अशा वेळी काविळीच्या गावठी औषधात दिवस घालवणे जिवावर बेतू शकते. इथे ‘ईआरसीपी’ कामी येते: तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेच्या मुखाशी छेद देऊन खडा ओढून काढतात. तिनेही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून निव्वळ निदानासाठी ती न करता आधी ‘एमआरसीपी’, म्हणजे पित्तनलिकेची एमआरआय तपासणी, करतात. खडा निघाला, मग ऑपरेशन कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण पित्ताशयात खडे उरले असतील तर पुढचा केव्हाही उतरेल; म्हणून प्रकृतीला झेपत असेल तर पित्ताशयही लवकर काढावे लागते.

पित्ताशयाला सूज फार असेल तर शल्यचिकित्सक ऐनवेळी पोट उघडतात. ते अपयश नव्हे, रुग्णाला जपणारा निर्णय आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी छिद्रे किती, एवढेच विचारू नये. नलिकेत खडा नाही हे कशावरून ठरवले, हेही विचारावे.