आधी मागचं झाकण

पहाटे ४.३०
ठाण्याहून लोकल पकडायची आणि सँडहर्स्ट रोडला उतरायचं. शुक्रवारी चोरबाजारातली पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. उजाडायच्या आत पोचलं नाही, तर बरा माल व्यापाऱ्यांच्या पिशवीत गेलेला असतो. खिशात टॉर्च, दहापट भिंग, झाकण उघडायची सुरी आणि सुटे पैसे.

५.१५
चादरीवर घड्याळांचा ढीग. केशरी, पोपटी, झगमगीत डायल दिसलं की मी हातही लावत नाही. जुन्या घड्याळाचं डायल खरवडून नवा रंग चढवायचा आणि वर बड्या कंपनीचं नाव छापायचं, हा धंदा इथे जुना आहे. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कौतुकाने नव्हे.

५.४०
काळ्या डायलचं एचएमटी पायलट. सगळ्यात जास्त नकला याच्याच.

“भाई, पीछे का ढक्कन खोलूँ?”

“खोलो, पर लेना पडेगा.”

“पहले मशीन देखेगा, फिर बोलेगा.”

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळूरमध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने उभा राहिला. त्यामुळे खऱ्या पायलटच्या आत ०२३१ क्रमांकाचं चावीचं मशीन हवं आणि धक्क्यापासून बचावाला सिटिझनचीच पॅराशॉक पद्धत. भिंगाखाली बॅलन्सच्या चाकाच्या मधल्या खड्यावर वीणेच्या आकाराची बारीक स्प्रिंग दिसली. ती इन्काब्लॉक, म्हणजे स्विस. डायल बंगळूरचं, पोट स्वित्झर्लंडचं! घड्याळ परत ठेवलं.

६.३०
शेजारच्याकडे नाव पुसलेलं, पिवळं पडलेलं एक घड्याळ, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा काटा. डायलला कुणी हात लावलेला नाही, म्हणून घेतलं. या शहरात जुना स्विस माल निघणारच. वेस्ट एंड या स्विस कंपनीची घड्याळं इथे १८८६ पासून विकली जात.

१० ते ६
बँक. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रात्री ९
जेवण उरकून टेबलावर पांढरा कागद पसरतो. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक घड्याळ कंपन्या स्वतः मशीन बनवत नसत, ए. शील्ड, फाँतेनमेलाँ अशा कारखान्यांकडून कच्चं मशीन घेऊन वर आपलं नाव ठोकत. म्हणून ब्रिजवरच्या नावाला फसायचं नाही. कारखान्याची खूण खालच्या प्लेटवर, बहुधा बॅलन्सच्या चाकाखाली असते. टॉर्च तिरपा धरला, चाक चिमट्याने अलगद फिरवलं, तेव्हा ‘एएस’ ही अक्षरं आणि ११३० हा आकडा उमटला.

नुसत्या आकड्यावर मी थांबत नाही. व्हर्नियरने व्यास मोजला, २९ मिमीच्या आसपास. मशीनचं माप अजून ‘लाइन’मध्ये सांगतात, एक लाइन म्हणजे सुमारे २.२६ मिमी. १३ लाइनचं मशीन, ११३० ला जुळतं. खूण सापडली नसती, तर काटे आणि डायल उतरवून चावीच्या दांड्याजवळची सेटिंग लिव्हर स्प्रिंग बघितली असती. तिचा आकार मशीनगणिक वेगळा असतो. बेस्टफिटचा जुना कॅटलॉग याच आकारांवरून मशीन शोधून देतो.

१०.३०
दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या घड्याळांत ११३० भरपूर वापरलं गेलं. विक्रेत्याला हे कळलं असतं, तर ‘मिलिटरीवाला’ म्हणून त्याने तिप्पट भाव सांगितला असता. पण हेच मशीन साध्या नागरी घड्याळांतही ढिगाने गेलं, आणि माझ्या घड्याळाच्या झाकणावर लष्कराची एकही खूण नाही. तेव्हा वहीत ‘नागरी, ए. शील्ड ११३०, डायल मूळ’ एवढंच लिहिलं.

तुमच्या कपाटात आजोबांचं घड्याळ बंद पडून असेल, तर घड्याळजींकडून ओव्हरहॉलिंग जरूर करून घ्या. डायल मात्र रंगवायला देऊ नका. डाग पडलेल्या मूळ डायलला गिऱ्हाईक मिळतं. रंगवलेल्याला आम्हा संग्राहकांत कुणी विचारत नाही.