समुद्रांतील अरण्य

अरण्य म्हटलें म्हणजे सह्याद्रीची गर्द झाडी आपल्या डोळ्यांपुढें येते. परंतु परमेश्वराच्या सृष्टींत समुद्राच्या पोटांतही अरण्यें आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यांत केल्प नांवाचें एक प्रचंड शेवाळ उगवतें. (आपल्या कोंकणचें पाणी उष्ण, म्हणून तें येथें होत नाहीं.) त्यास मुळें नसतात, बोटांसारख्या तंतूंनीं तें खडकास घट्ट धरून राहतें, आणि पानांच्या देठांशीं असलेल्या वायूच्या फुग्यांमुळें सरळ वर तरंगतें. परिस्थिति अनुकूल असल्यास तें दिवसांत दोन फूट वाढतें, व १०० फुटांहूनही लांब होतें! त्याच्या आश्रयास मासे, खेंकडे, गोगलगाई, तारामासे असा केवढा तरी परिवार राहतो. डार्विननें १८३४ सालीं दक्षिण अमेरिकेच्या टोकाशीं असें अरण्य पाहिलें, तेव्हां तें नष्ट झाल्यास जितक्या जातींचे प्राणी मरतील तितके जमिनीवरील कोणतेंही अरण्य तोडल्यानें मरणार नाहींत, असें त्यानें लिहून ठेविलें.

या अरण्याचा शत्रु म्हणजे अर्चिन, साळिंदरासारखे कांटे असलेला एक लहानसा गोल प्राणी. तो केल्पचा बुंधाच कुरतडतो; मग सबंध झाड वाहून जातें. अर्चिनास खाऊन अरण्य राखतें तें समुद्रांतील पाणमांजर. तें पाठीवर तरंगत, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपा फोडतें, आणि झोंपतांना वाहून जाऊं नये म्हणून केल्पचे पट्टे अंगाभोंवतीं गुंडाळून घेतें. या गरीब प्राण्याचें दुर्दैव असें कीं, त्याची लव अत्यंत दाट व मऊ आहे. तिच्या लोभानें व्यापाऱ्यांनीं त्याची इतकी हत्या केली कीं, १९११ सालीं चार राष्ट्रांच्या तहानें शिकार थांबली तेव्हां थोडींच पाणमांजरें उरलीं होतीं. पुढें एस्टेस व पाल्मिसानो या शास्त्रज्ञांनीं अलास्काच्या बेटांची तुलना करून १९७४ सालीं दाखविलें कीं, जेथें पाणमांजरें आहेत तेथें केल्प दाट आहे. जेथें नाहींत तेथें अर्चिनांनीं तळ उजाड केला आहे.

उत्तर कॅलिफोर्नियांत पाणमांजरें परत आलीं नाहींत. तेथें अर्चिनांस खाणारा मोठा तारामासाच काय तो राखणदार होता. २०१३ सालापासून रोगानें तोही मेला, पाठोपाठ समुद्र तापला, आणि थोड्याच वर्षांत तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प नाहींसें झालें. आतां पाणबुडे हातोड्यांनीं अर्चिन फोडीत आहेत. तें काम सोपें नाहीं. कारण खावयास कांहीं उरलें नाहीं तरी अर्चिन मरत नाहींत. कवचांत जवळजवळ कांहींच न उरलेले ते प्राणी उघड्या खडकास चिकटून वर्षानुवर्षें तग धरतात, आणि केल्पचा कोंवळा अंकुर दिसतांच त्यावर तुटून पडतात.