घाटवाटेवर एक रात्र मुक्काम

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला की घरात कुणीतरी म्हणतंच, “चला, दोन दिवस गाडी काढू.” मग पुरुषमंडळी रस्त्याचा विचार करतात आणि आपण डब्यांचा. मैत्रिणींनो, यंदा रस्त्याच्या बोलण्यातही बसा. मी बसले नव्हते, म्हणून सांगते.

पुण्याहून वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि माणगावहून ताम्हिणीमार्गे घरी, हा सगळा फेरा आम्ही एका दिवसात करणार होतो. “एका दमात होतं,” असं ह्यांचं म्हणणं. निघायलाच दहा वाजले. त्या वर्षी पाऊस लांबलेला. आंबेनळीच्या तोंडाशी पोचलो तर दिवस कललेला आणि धुकं असं दाट की शेजारचा कठडा दिसेना. मागे सासूबाई डोळे मिटून स्तोत्र म्हणताहेत, धाकटी ओकून ओकून मलूल झालेली. शेवटी मी म्हटलं, “अहो, रुंद जागा बघून गाडी वळवा. आज महाबळेश्वरलाच राहू.” एवढं बोलायला मला लग्नानंतर बारा वर्षं लागली! ऐनवेळी मिळाली ती खोली ओलसर, भाडं मात्र दुप्पट.

दुसऱ्यांदा गेलो ते मुक्काम आधी ठरवून. सहाला निघालो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. तिथे पायऱ्यांवर बसून दशम्या-चटणी खाल्ली. पसरणी घाट चढताना धोमचं पाणी खाली चमकत होतं. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर, तेव्हा स्वेटर डिकीच्या तळाशी नकोत, हाताशी हवेत.

ज्यांना गाडी लागते त्यांना उपाशी ठेवू नका, तळकटही देऊ नका. पुढच्या सीटवर बसवा, लांब रस्त्याकडे बघायला सांगा. मोबाइल हातात नको. तोंडात आलेपाक. गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी; घाटात शिरल्यावर तिचा उपयोग नाही. आणि दुसऱ्या दिवसाचा डबा अजिबात करू नका. मुक्काम म्हणजे आपल्या हातांनाही सुट्टी.

गाडी कुणी का चालवेना, दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढते, साधारण त्याच गिअरमध्ये उतरवायची; ब्रेक सारखा दाबून धरला तर तापतो आणि लागेनासा होतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पेट्रोल आणि टायरची हवा वाईलाच बघून घ्या. घाटात फोन लागेलच असं नाही, म्हणून मुक्कामाचा नंबर कागदावरही हवा. पावसाळ्यात मात्र हा बेत नको. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळीचा रस्ता जागोजागी खचला होता.

सकाळी महाबळेश्वरहून तासाभरात प्रतापगड. १६५६ मध्ये बांधलेला हा गड. १६५९ ची अफझलखानाची भेट याच्याच पायथ्याशी झाली. मुलं वडिलांबरोबर भवानीमातेच्या देवळापर्यंत चढली. सासूबाईंचे गुडघे साथ देईनात, म्हणून आम्ही दोघी खालीच थांबलो, झुणका-भाकर खाल्ली. माहेरच्या कितीतरी गोष्टी त्या तिथे बोलल्या. घरी कधी वेळच मिळाला नव्हता.

गडावरून अकराच्या आत निघा, म्हणजे ताम्हिणी उजेडात पार पडते. पोलादपूरला उतरताच स्वेटर निघतात, घाम येतो. पुढे महाडला चवदार तळं. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी ज्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, ते मुलांना दाखवायला अर्धा तास राखून ठेवा.

ताम्हिणी चढून मुळशीचं पाणी दिसू लागलं, तेव्हा ऊन अजून होतं. ह्यांनी गाडी हळू केली नि विचारलं, “थांबायचं का इथे चहाला?” आधी कधी विचारलं नव्हतं हो!