शेवटच्या नंबराचा मान

अमेरिकन कॅलेंडरात कशाचा दिवस असेल याचा नेम नाही. डिसेंबरचा तिसरा शुक्रवार तिथे ‘अंडरडॉग डे’ असतो, आणि हे खुद्द अमेरिकेतही थोड्यांनाच ठाऊक आहे. १९७६ मध्ये पीटर मोलर या गृहस्थांनी तो सुरू केला आणि स्वतःला ‘चीफ अंडरडॉग’ अशी पदवीही बहाल करून टाकली. वर्षभर आपण पहिल्या नंबरवाल्यांचंच कौतुक वाचतो. वर्ष सरण्याआधी एकदा त्यांच्यामागे उभ्या असलेल्यांना सलाम करावा, एवढाच हेतू. नमुन्यादाखल नावं दिली जातात ती शेरलॉक होम्सचा डॉ. वॉटसन आणि रॉबिन्सन क्रूसोचा फ्रायडे यांची. खरंच आहे, वॉटसन नसता तर होम्सच्या करामती लिहून ठेवल्या असत्या कोणी?

दिवस ठरवणं सोपं. तो साजरा करणं अवघड, कारण मागे राहिलेल्याचा सत्कार चटकन दयेकडे झुकतो. समोरचा संकोचतो, आपण उदार झाल्यासारखे वागतो आणि कार्यक्रम उरकतो. यातून वाट काढली कॅलिफोर्नियातल्या पॉल सलाटा यांनी, आणि तीही नेमकी १९७६ मध्येच. सलाटा म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे माजी खेळाडू, पुढे गटारबांधणीचे कंत्राटदार, मध्येच सिनेमातल्या फुटकळ भूमिका करणारे. माणूस हौशी.

एनएफएल या लीगचे संघ दरवर्षी कॉलेजांतले खेळाडू पाळीपाळीने निवडतात. पहिल्या नावाचा गाजावाजा होतो, शेवटच्याकडे कोण बघतो? १९७६ मध्ये १७ फेऱ्या झाल्या. ४८७ वं, म्हणजे अगदी शेवटचं नाव केल्विन कर्क याचं होतं. सलाटांनी त्यालाच सन्मानाने न्यूपोर्ट बीचला बोलावलं. तेव्हापासून दरवर्षीचा शेवटचा खेळाडू ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेले महाशय! त्यांच्यासाठी ‘इररेलेव्हंट वीक’ भरतो. समुद्रकाठची मौज, डिस्नेलँडची सफर, मेजवानी आणि मेजवानीत यथेच्छ टिंगल. शिवाय ट्रॉफी. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला ‘हाइजमन’ ट्रॉफी मिळते. तिच्यावरचा खेळाडू चेंडू बगलेत घट्ट धरून, दुसरा हात पुढे रोखून उभा असतो. इथल्या ‘लोजमन’ ट्रॉफीवरच्या बिचाऱ्याच्या हातून चेंडू निसटतोय. या थट्टेचा रोख खेळाडूवर असतो असं मला वाटत नाही. टोपी उडते ती पहिल्या नंबराच्या बडेजावाची. १९७९ पर्यंत तर शेवटच्या नंबराला इतका भाव आला, की रॅम्स आणि चार्जर्स हे दोन संघ प्रसिद्धीसाठी आपापली पाळी मुद्दाम मागे ढकलू लागले. अखेर लीगला ते बंद करायला नियम करावा लागला. त्याचं नाव ‘सलाटा रूल’.

२०२२ चा मिस्टर इररेलेव्हंट होता ब्रॉक पर्डी. नंबर २६२, सॅन फ्रान्सिस्को संघाचा तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू. त्या मोसमात पुढचे दोघे एकामागोमाग जायबंदी झाले, डिसेंबरात हा मैदानात उतरला आणि जिंकतच सुटला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा संघ सुपर बोल या अंतिम सामन्यात होता. कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत २५-२२ असा हरला, पण २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. गोष्ट झकास आहे. मात्र सलाटांची मेजवानी कुणी पुढे चमकेल या आशेवर नव्हती. ज्यांचं नाव नंतर कधी ऐकू आलं नाही, त्यांचाही थाट तोच होता. (मुष्टियोद्ध्यावरचा ‘रॉकी’ही १९७६ चाच सिनेमा. शेवटच्या सामन्यात रॉकी गुणांवर हरतो, हे पुष्कळांच्या लक्षातच राहत नाही.)

आपल्याकडे हा दिवस पाळायचा तर माझ्या यादीतलं पहिलं नाव क्रिकेटपटू एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदान राखणाऱ्याचा मुलगा, तिथल्याच खोपटात वाढलेला. १९७१ च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली. ३८ धावांत सहा बळी घेणारे चंद्रशेखर सर्वांना आठवतात. पण धावफलक नीट वाचा. ‘नॉट झे. सोलकर गो. वेंकटराघवन १.’ बॅटच्या पुढ्यात, हेल्मेट नसताना, झेप घेऊन जमिनीलगत टिपलेला झेल त्या ‘झे.’ आणि ‘गो.’च्या मध्ये बसलाय. फ्लेचरचा झेलही त्याचाच. २७ कसोटींत ५३ झेल! आणि १९७४ मध्ये लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत गडगडला, तेव्हा नाबाद १८ धावा करून उभा होता तोही सोलकरच.

हा दिवस साजरा करायची एक रीत हीच: आवडत्या गोष्टीचा धावफलक असा वाचायचा. नाटकाच्या जाहिरातीत प्रकाशयोजना कुणाची, मैफलीत हार्मोनियमच्या साथीला कोण, पुस्तकाच्या आतल्या पानावर मुद्रितशोधन कुणाचं. नाव सापडलं तर त्या माणसाला कळवायचं, आणि नेमकं काय आवडलं तेही सांगायचं. ‘यांचेही मोलाचे सहकार्य लाभले’ हे आभारप्रदर्शन नको. ते चालू असताना निम्मा हॉल बटाटेवड्याच्या रांगेत असतो. सत्कार करायचाच तर सलाटांसारखा, पहिल्या नंबराला शोभेल अशा थाटात. संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात एकदा ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याला मधल्या खुर्चीत बसवा आणि अध्यक्षांना आभार मानायला लावा.

आणि ज्यांचे पैसे थकवलेत, त्यांचा हिशेब त्या शुक्रवारच्या आत चुकता करा. शाल-श्रीफळ त्यानंतर.