छळाचे घर सोडताना भाडेकराराचे दायित्व

छळ असह्य होऊन नेसत्या वस्त्रांनिशी जी स्त्री भाड्याच्या घरातून बाहेर पडते, तिची सही करारनाम्यावर असेल, तर केवळ उंबरठा ओलांडल्याने भाड्याची तिची जबाबदारी संपुष्टात येत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे. परंतु कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १९ अन्वये, त्या घराचे भाडे प्रतिवादीने भरावे, किंवा तिला तशाच दर्जाचे दुसरे घर मिळवून द्यावे अथवा त्याचे भाडे द्यावे, असा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. आणि करारनामा एकट्या पतीच्या नावे असला, तरी तिचा निवासाचा हक्क त्यामुळे बुडत नाही, ही या कायद्याची मोठीच न्यायबुद्धी होय. घरमालकास मात्र लेखी नोटीस देऊन पोच घ्यावी, अनामत रकमेतील आपला वाटा तीत नमूद करावा, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना करारनाम्याची नक्कल अवश्य सोबत न्यावी.